गेरूने रंगवलेली कोयना

सांगली,
रविवार, ता. २ मार्च १९४७

चि. सौ. सुला हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. हळदीचा बाजार सुरू झाल्यापासून पेठेतून शाळेपर्यंत चालत गेलं की वहाणासुद्धा पिवळ्या होतात. माझी प्रकृती बरी आहे, फक्त डोळ्यांना आता चष्मा लागला. जावई भाऊसो पलटणीतून सुखरूप घरी आले हे मोटारीवरच्या केरबाकडून समजलं, आणि फार बरं वाटलं. त्याच्याकडूनच तुझ्या बनुचीही खबर मिळते. "लय चुणचुणीत हाय पोर, मोटारीचा भोंगा वाजवल्याबिगर खाली उतरत न्हाई," असं तो सांगत होता. तिला आता पाचवं सरत आलं असेल.

"मग ती वर कशी येते?"

हे वाक्य तुझं आहे. तुला ते आठवत असेल असं नाही. तूही तेव्हा पाचच वर्षांची होतीस. कोयनेच्या काठी मी धुणं धूत होते, तू दगडावर पाय सोडून बसली होतीस आणि मी तुला गोष्ट सांगत होते. एका मुलीची घागर डोहात बुडते, घागरीमागोमाग ती पाण्यात उतरते आणि तळाशी तिला एक गाव लागतं. ते गाव मी रोज थोडं थोडं वसवत होते. तिथला पाटील म्हणजे एक म्हातारं कासव. खेकडे सुतारकाम करायचे, घरांना शिंपल्यांची दारं होती. त्या दिवशी तू मला मध्येच अडवलंस आणि विचारलंस, मग ती वर कशी येते? मी म्हटलं, "उद्या सांगते."

त्याला आता एकवीस वर्षं होतील. गोष्ट पुरी झाली आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. शेवटी तुझ्याकडे एक मागणं मागायचं आहे. पण मला ते मागण्याचा अधिकार आहे की नाही हे तुला ठरवता यावं, म्हणून आधी सगळं सांगते.

सुला, मी सिनेमा केला आहे. माणसांचा नाही, हलत्या चित्रांचा. कार्टून म्हणतात ना, तसला. 'डोहातली घागर' असं त्याचं नाव. अकरा मिनिटांचा आहे. मुख्य सिनेमाच्या आधी मुलांसाठी दाखवतात. त्यात साडेपाच हजार चित्रं आहेत, आणि त्यांतली चार हजारांहून जास्त माझ्या हातची आहेत. हे लिहिताना मला संकोच वाटायला हवा होता, पण वाटत नाही. शाळेत मुलींना चेंडू आणि फुलदाणी काढायला शिकवता शिकवता मी म्हातारी होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं.

हे खूळ नाथाजींचं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली. कंपन्या एकेक करून बसल्या आणि ब्रश वाळत पडले. तेवढ्यात त्यांचा भाचा आप्पासो कोल्हापूरच्या स्टुडिओतली नोकरी सोडून एक जुना कॅमेरा घेऊन आला. नाथाजी एके दिवशी शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, माझा हात राजवाड्याचा आन् अरण्याचा हाय. लहान पोरगी काडायला बसलो की ती राणीच दिसती. तुमी काडा. गोष्ट बी तुमीच सांगा." माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि तीही अर्धी.

लढाईचे दिवस होते. या कामाला लागणारे पारदर्शक कागद कुठेच मिळत नव्हते. आप्पासोने मग एका ओळखीच्या डॉक्टरांकडून एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणल्या. सोडा घालून कढत पाण्यात घासल्या की त्यांच्यावरची हाडं निघून जातात आणि काचेसारखा स्वच्छ तुकडा उरतो. असे तीनशे तुकडे झाले. साडेपाच हजार चित्रं आणि तुकडे तीनशेच. म्हणजे चित्र काढायचं, रंगवायचं, कॅमेऱ्याखाली धरायचं, आणि मग ते धुऊन त्याच तुकड्यावर पुढचं काढायचं. धुण्याचं काम धोंडुबाईकडे होतं. ती कृष्णेवर नाव चालवणाऱ्या घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी एक तुकडा उजेडाला धरून म्हणाली, "कुनाची बरगडी म्हनायची ही? बरा झाला का गेला बिचारा?"

मग रंगांची गंमत झाली. मी पाणी निळीने रंगवलं आणि मुलीचा परकर कुंकवाने लाल केला. आप्पासोने फिल्म धुऊन आणली तर नदी दुधासारखी पांढरी आणि परकर शाईसारखा काळा! मग आप्पासो म्हणाला, "मामा, ही फिल्म जुन्या तऱ्हेची हाय. तिला लाल दिसतच न्हाई, लाल म्हंजे काळं. निळं म्हंजे पांढरं."

"म्हंजे रं?"

"म्हंजे डोह काळा पायजे असंल तर लाल रंगवा."

नाथाजींनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्सं पडद्यावर निळी गंगा सोडली, आन् आता म्हातारपनी नदी लाल करू व्हय? बघनारा म्हनंल, नाथाजीला भूल पडली!"

पण केली. गेरूत डिंक कालवून मी कोयना रंगवली. होय, कोयनाच. सांगलीत बसून काढली तरी ती कृष्णा नव्हती. आपल्या धुण्याच्या दगडाजवळ पाणी कसं वळतं आणि पुढे एकदम गप्प होतं, ते मला डोळे मिटून काढता येत होतं. तीन वर्षं माझ्या खोलीत सगळीकडे तांबडी नदी वाळत पडलेली असायची.

एक फजिती माझीही झाली. मुलगी गावात शिरते तेव्हा मासे तिच्याभोवती जमतात. मी त्यांना डोळे मिचकावायला लावलं होतं आणि त्या करामतीवर खूष होते. धोंडुबाई तुकडे धुवायला घेऊन बसली आणि खो खो हसत सुटली. "आवं बाई, मासा कवा डोळं मिटतोय व्हय? त्याला पापनीच न्हाई! आमच्या घरातलं तान्हं पोर बी सांगंल." चित्रं पुन्हा काढावी लागली. पण त्या रागातच मला गोष्टीतली अडलेली जागा सापडली. ज्या गावात कोणाला पापणीच नाही त्या गावात कोणी झोपतही नसणार. कासव मुलीला म्हणतं, राहा इथेच, इथे कोणी रागावत नाही. तीही राहते, हुंदडते, खेळते. मग तिला झोप येते. अंग टाकायला ती जागा शोधते, तर सगळीकडे उघडे डोळे. तेव्हा तिला पहिल्यांदा घराची आठवण होते.

इथवर गोष्ट आली. पुढे तुझाच प्रश्न उभा होता.

नाथाजींचं म्हणणं सोपं होतं. काठावर आई उभी करायची, तिने हाक मारायची, मुलगी वर येणार. मी आई काढायला बसले. सुला, आठवडाभर बसले. ज्या हाताने चार हजार चित्रं केली त्याला ती एक बाई काढता येईना. कधी ती रडवी व्हायची, कधी नटवी. काठावरच उभी राहायची, पाण्याकडे यायचीच नाही. नाथाजींनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "बाई, ही निघालेली दिसती. थांबलेली न्हाई."

त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांनी चित्र तेवढं बघितलं होतं.

आता जे लिहिते ते तुझ्या लग्नाच्या वेळी लिहायला हवं होतं. त्या पत्रात मी तुला कळवलं होतं की मी निघाले तेव्हा त्यांनी तुला माझ्याबरोबर दिलं नाही. तू उत्तर पाठवलं नाहीस. मी लिहिलेलं ते खोटं होतं. तुझ्या वडिलांनी मुलगा हवा म्हणून साळूबाईंना दुसरेपणावर आणलं, आणि त्या घरात थोरली म्हणून मान घेऊन बसून राहणं मला जमेना, एवढं खरं. पण तुला कोणी अडवलं नव्हतं. तुझी आजी अंबूबाई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "पोरगी न्यायची तर ने की. आमी कशाला धरून ठिवू?" तू आत झोपली होतीस. इथल्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या वसतिगृहात लेकरासकट बाई घेत नव्हते, आणि मला शिकायचं होतं. मी म्हटलं, दोन वर्षांनी येऊन नेईन. तुला उठवलं नाही. उठवलं असतं तर गेले नसते.

दोन वर्षांनी आलेही होते. हे तुला कोणीच सांगितलं नसेल, कारण कोणाला माहीतच नाही. मोटारीतून उतरून सरळ नदीवर आले, कारण त्या वेळी तुम्ही तिथेच असणार. करंजाच्या झाडाआडून बघितलं. साळूबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी आपल्या लुगड्याचा काठ फाडून त्याने एक वाळका भोपळा तुझ्या पाठीला बांधला होता आणि तुला पोहायला शिकवत होत्या. तू हातपाय मारत होतीस, पाणी गिळत होतीस, आणि त्या ओरडत होत्या, "मार पाय, मार! बुडत न्हाईस! मी हाय न्हवं!" तू म्हणालीस, "आई, सोडू नगंस." त्यांनी सोडलं. तू तरंगलीस. मग दोघी एवढ्या हसलात की नदीपलीकडची गुरं वर बघायला लागली.

मी तशीच माघारी फिरले. तुझ्या भल्यासाठी फिरले असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. त्यातही सगळं खरं नव्हतं. पाण्यात उतरून "मी आले" म्हणायचं धैर्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत रुजू व्हायचं होतं.

नाथाजींनी ती निघालेली बाई दाखवली त्या दिवशी मी सगळे तुकडे धोंडुबाईकडे धुवायला टाकले आणि नव्याने बसले. दोन दिवसांत शेवट सापडला, आणि त्याच्यासाठी सुरुवातही पुन्हा काढली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. मुलगी घागरीमागे उतरण्याआधी तिच्या पाठीला एक भोपळा बांधलेला असतो. तो तिला बुडू देत नाही, म्हणून रागाने ती गाठ सोडते आणि खाली जाते. भोपळा वरच तरंगत राहतो. शेवटी, झोपेने डोळे जड झाले असताना, ती वर मान करते. फार उंचावर तो भोपळा चंद्रासारखा दिसतो. त्याला बांधलेला लुगड्याचा काठ लांब, लांब होत खाली तिच्या हातापर्यंत आलेला असतो. ती त्याला धरून चढायला लागते. वर दिसतात दोन पाय, पाण्यात घट्ट रोवलेले. मग पाण्यावर पसरलेलं लुगडं. मग भोपळा धरून ठेवलेले हात. मुलगी पाण्याबाहेर डोकं काढते तेव्हा त्या बाईचा चेहरा दिसतो.

तो साळूबाईंचा आहे. मी त्यांना नीट बघितलं ते दोनदाच, त्या घरात आल्या तेव्हा आणि त्या दिवशी नदीवर. पण हनुवटीवरचं गोंदण, हसताना बारीक होणारे डोळे, सगळं जसंच्या तसं उतरलं. नाथाजींनी तुकडा उजेडाला धरला. "ही कोन म्हनायची?"

"आई."

"तुमच्यावानी न्हाई दिसत."

"नाहीच दिसायची," मी म्हटलं.

सुरुवातीच्या नावांच्या पाट्या रंगवताना त्यांनी माझं नाव स्वतःच्या नावाच्या वर घातलं. मी नको म्हटलं तर अंगावर आले: "गप बसा बाई. चाळीस वर्सं दुसऱ्याच्या नाटकामागं हुबा ऱ्हायलो, मला ठावं हाय पडद्यामागं ऱ्हानं काय असतं." म्हणून मोठ्या अक्षरांत फक्त 'हरणाबाई' आहे. आडनाव घातलं नाही, तेव्हा तुमच्या घराला बोल लागणार नाही.

गेल्या महिन्यात विश्रामबागेत एका शाळेच्या दालनात खिडक्यांना घोंगड्या लावून पहिला खेळ केला. अडीचशे मुलं होती. मुलीने गाठ सोडली तेव्हा एक पोरगी उभी राहून ओरडली, "अगं सोडू नगं की!" मुलगी काठ धरून चढायला लागली तसा सगळा घोळका "वर! वर! वर!" असा ओरडायला लागला, आणि धोंडुबाई त्या सगळ्यांत मोठ्याने. रीळ पुन्हा लावावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी पडदा बघितला नाही, मुलांचे चेहरे बघत होते. सुला, माझ्या आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तो खोटा विनय मला तुझ्यापुढे करायचा नाही. घर सोडून मी काय मिळवलं असं कोणी विचारलं तर आता दाखवायला ही अकरा मिनिटं आहेत. ती तुझ्याबरोबर न काढलेल्या वर्षांच्या तोडीची आहेत असं म्हणत नाही. तसं तोलून बघायचं मी सोडून दिलं आहे. दोन्ही माझीच आहेत.

साळूबाईंच्या चेहऱ्याचा एक तुकडा तुला पाठवायचा म्हणून मी बाजूला ठेवला होता. शेवटचं छायाचित्र झाल्यावर धुण्याची गरजच नव्हती. पण तीन वर्षांची सवय! आप्पासोने खूण केली की तुकडे उचलायचे आणि सोड्याच्या पाण्यात टाकायचे. मी हात धुऊन येईपर्यंत धोंडुबाईने सगळे स्वच्छ करून दोरीवर लावले होते, मी बाजूला ठेवलेल्यासकट. कळल्यावर ती बिचारी रडायलाच लागली. म्हणून पाकिटात घालायला माझ्याकडे काही नाही. चार हजारांतलं एकही चित्र आता हातात धरता येत नाही. ते बघायचं तर पडद्यावरच बघायला हवं.

पाडवा झाला की तिसऱ्या दिवशी तुमच्या पाटणला सिनेमाचा तंबू येतो आहे. दिवेलागणीला पहिला खेळ, त्याच्या सुरुवातीलाच आमचं चित्र आहे. मालकाशी आप्पासोचं बोलणं पक्कं झालं आहे. तू आणि बनु माझ्या पत्राशिवायही तिकीट काढून बघू शकता, आणि मला न कळवता गेलात तरी मला आनंदच आहे. ते माझं मागणं नाही.

मागणं असं आहे. साळूबाईंना गावाहून बोलावून घे. कनातीच्या आतल्या बाजूला, बायकांत, त्यांना बसव. बनुला त्यांच्या मांडीवर दे. त्यांना आधी काही सांगू नकोस. आणि त्यांच्या एका बाजूला तू बसशील, तर दुसऱ्या बाजूची एक जागा माझ्यासाठी धर. मी तुझ्याशी बोलणार नाही. बनुला तिची कोण लागते ते सांगणार नाही. खेळ संपला की कराडची मोटार धरीन. मला एवढंच हवं आहे की त्यांचा चेहरा पडद्यावर उजळेल तेव्हा मी त्यांच्या शेजारी असावं, आणि त्यांनी विचारलंच की हे कोणी काढलं, तर त्यांना ते माझ्या तोंडून कळावं.

तू नाही म्हणशील. आपल्या आईच्या, साळूबाईंच्या, मनाला इतक्या वर्षांनी कशाला धक्का, असं म्हणशील, आणि तिची लेक म्हणून तुझं बरोबरच असेल. तरीही विचारते. ती एक जागा धरशील का?

तुझी जन्मदाती,
हरणा